झिंगराजीला न मिळालेली संगत

वऱ्हाडातल्या शेंडगावचा झिंगराजी जानोरकर १८८४ साली दारूपायी गेला. घर परटाचे, पण पोटापुरती शेती होती आणि पाहुण्यारावळ्यांचा राबता होता. देवाच्या नावाने बकरे कापायचे, भाऊबंदांना जेवू घालायचे आणि त्यांच्याबरोबर प्यायचे, ही रीतच होती. रीतीची सवय झाली आणि सवयीने शेती, भांडीकुंडी आणि शेवटी माणूसही नेला. मागे राहिली पत्नी सखुबाई आणि आठ वर्षांचा मुलगा डेबू. या डेबूला महाराष्ट्र पुढे गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला.

आरोग्याच्या पानावर बाबांची आठवण बहुतेक वेळा स्वच्छतेच्या निमित्ताने निघते. आज ती दुसऱ्या कारणाने काढायची आहे. खराटा हातात येण्याच्या कितीतरी आधी बाबा एका व्यसनी माणसाचे मूल होते. दारू घरात काय करते हे त्यांनी लहानपणी पाहिले, आणि ती एकट्यादुकट्याने थांबत नाही हे त्यांना पुढे आयुष्यभर दिसत राहिले. सातारा-सांगलीकडे आज एखाद्या घरात हाच प्रश्न उभा असेल, तर बाबांच्या आयुष्यातून काही हाती लागते का, ते पाहू.

बारशाची पंगत

डेबूचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. वडील गेल्यावर सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी भावाकडे राहायला गेली. चरित्रकार सांगतात की, झिंगराजीला शेवटच्या दिवसांत पश्चात्ताप झाला होता आणि मुलाला या वाटेपासून लांब ठेव, अशी विनवणी त्याने पत्नीला केली होती. हा तपशील महत्त्वाचा आहे. दारू वाईट आहे हे झिंगराजीला कळत नव्हते, असे नाही. त्याला ती सोडता येत नव्हती.

मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, गुराखी पोरांबरोबर भजने म्हटली. मामाच्या जमिनीवर सावकाराने हक्क सांगितला तेव्हा तो शेतात पाय रोवून उभा राहिला. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली, बारसे ठरले आणि जुना प्रश्न दारात आला. बारसे म्हणजे मटण आणि दारू, हा जातीतला शिरस्ता. डेबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. पाहुणे नाराज झाले, कुरबुर झाली, पण पंगत उठली ती दारूशिवाय.

व्यसनावर काम करणाऱ्यांना या साध्या प्रसंगाचे मोल चटकन कळते. माणूस पहिला पेला बहुधा एकट्याने उचलत नाही. लग्न, जत्रा, पगाराचा दिवस, निवडणूक, मित्राची गाडी अशा निमित्तांनी तो हातात येतो, आणि नाही म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते. एका घराने पंगतीचा नियम बदलला की पुढच्या घराला नाही म्हणणे थोडे सोपे जाते.

दुसरी गोष्ट आनुवंशिकतेची. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असे दिसते की, दारूच्या आहारी जाण्याच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा जनुकांचा असतो. उरलेला परिस्थितीचा, संगतीचा आणि घरातल्या ताणाचा. व्यसनी वडिलांच्या मुलाला धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण ते त्याचे विधिलिखित नसते. डेबूजी दारूला कधी शिवला नाही. बापाच्या वाटेनेच पोरगा जाणार, असे म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला हे सांगण्यासारखे आहे.

दिवसा खराटा, रात्री कीर्तन

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजी घर सोडून निघाला. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. पुढे लोकांनी नाव दिले ते या गाडग्यावरूनच. गावात शिरले की आधी रस्ते आणि गटारे झाडायची आणि अंधार पडला की कीर्तन उभे करायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

बाबांचे कीर्तन नेहमीच्या कीर्तनासारखे नसे. ते वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. कर्ज काढून लग्न कोणी केले, देवापुढे बकरे कोणी कापले, पोराला शाळेत कोणी घातले नाही, दारूत किती गेले. हजारोंचा समुदाय एका सुरात उत्तर देई. माणसाने दुसऱ्याने सांगितलेले ऐकणे वेगळे आणि तीच गोष्ट स्वतःच्या तोंडाने चारचौघांत बोलणे वेगळे. आजचे समुपदेशक ज्या पद्धतीने रुग्णाकडूनच बदलाची कारणे वदवून घेतात, तिच्याशी बाबांच्या या रीतीचे नाते लागते. बाबा मात्र ती कोणत्याही पुस्तकातून शिकले नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाबांनी कोणाला शिष्य केले नाही, पायावर डोके ठेवू दिले नाही. देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण स्वतःसाठी त्यांनी गाडग्यातल्या भाकरीपलीकडे काही ठेवले नाही. गुरुपद नाकारणारा माणूस ऐकणाऱ्याला आपल्या बरोबरीचा वाटतो. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

साताऱ्याशी नाते

सातारा जिल्ह्याशी बाबांचा जिव्हाळ्याचा दुवा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवले. १९५४ साली संस्थेने कऱ्हाडला महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

याच मुलखात १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथीदारांचे प्रतिसरकार चालले. सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे केले, कमी खर्चात लग्ने लावली आणि दारूबंदी अमलात आणली. गावाने मिळून दारू हटवायची, हा विचार कृष्णाकाठाला नवा नाही.

बाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे देह ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे निधन होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी हयातीतच आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेकडे सोपवली होती.

कीर्तनाने काय होत नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कीर्तन, शपथ किंवा गावबंदी यांमुळे अनेकांची सुरुवात टळते, आणि अधूनमधून पिणारा थांबू शकतो. पण ज्याच्या शरीराने दारू धरली आहे त्याला नुसत्या उपदेशाने फरक पडत नाही. उलट, प्रत्येक मोडलेल्या शपथेनंतर लाज वाढते आणि लाज विसरायला तो पुन्हा पितो.

याचे कारण मेंदूत आहे. दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनांचे काम वाढवते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी उत्तेजित करणारी यंत्रणा वाढवून ठेवतो. दारू अचानक तुटली की ही यंत्रणा मोकाट सुटते. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हातांना कंप, घाम, मळमळ आणि धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, वेळ-जागेचे भान सुटते, ताप येतो; ही अवस्था जीवावर बेतू शकते. म्हणून रोज सकाळी उठल्याबरोबर दारू लागणाऱ्या माणसाला खोलीत कोंडून दारू सोडवण्याचा प्रयोग घरच्यांनी कधीही करू नये. आधी डॉक्टर गाठावा. औषधांनी ही लक्षणे काबूत येतात आणि ब जीवनसत्त्वातले थायमिन वेळेवर दिल्याने मेंदूचे मोठे नुकसान टळते.

पण हे झाले पहिल्या आठवडा-दहा दिवसांचे. खरी कसोटी नंतर लागते, तीही रुग्णालयाबाहेर. उसाचे बिल हातात येते, जुना मित्र हाक मारतो, घरात भांडण होते. त्या संध्याकाळी कोणाकडे जायचे? शेंडगावात १८८४ साली या प्रश्नाला उत्तर नव्हते. झिंगराजीला भाऊबंद पुष्कळ होते, पण ते सगळे त्याच्याबरोबर पिणारे होते किंवा त्याला बोल लावणारे. आपण असेच होतो आणि आता पीत नाही, असे सांगणारा एकही माणूस त्याच्या वाट्याला आला नाही.

ॲक्रन गावातली भेट

असा माणूस गाठ पडला तर काय होते, हे बाबा महाराष्ट्रात फिरत होते त्याच काळात अमेरिकेत उमगले. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल व्यवहारासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी आला होता. त्याने काही महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. व्यवहार फसला, हॉटेलात बार समोर दिसत होता. पिण्याची इच्छा उसळली तेव्हा त्याने फोन फिरवून आपल्यासारखाच कोणी दारुडा गावात आहे का, याचा शोध घेतला. त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी घालून दिली गेली. दोघे तासन्‌तास बोलले. कोणी कोणाला उपदेश केला नाही. आपापली हकीकत सांगितली. १० जून १९३५ नंतर डॉ. स्मिथ यांनी दारू घेतली नाही आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ‘एए’चा स्थापना दिवस मानला जातो. १९५७ च्या सुमारास ही चळवळ भारतात पोचली.

एएला गुरू नाही, अध्यक्षाचा थाट नाही, फी नाही. बाहेरच्या देणग्या घेतल्या जात नाहीत. सभा संपताना डबा फिरतो, ज्याला जमेल तो त्यात टाकतो. बाबांच्या गाडग्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा.

याचा उपयोग होतो का, हे शास्त्रीय पद्धतीने तपासले गेले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रन आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक रुग्ण होते. एएच्या बारा पायऱ्यांशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडून दिले, तर वर्षभरानंतर सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त राहतात. इतर मान्यताप्राप्त समुपदेशनात हे प्रमाण सुमारे ३५ टक्के येते, असा त्याचा निष्कर्ष आहे. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, हे ध्यानात ठेवावे. शिवाय ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून अधिक लोक या वर्षात कधी ना कधी पुन्हा प्याले. पुन्हा पिणे हा या आजाराचा भाग आहे. गटात परतण्याचा रस्ता त्यामुळे बंद होत नाही.

गट शोधायचा कुठे?

सातारा आणि सांगलीत सुरुवात करायला जागा आहेत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय आहे. दारूबंदी करणाऱ्या प्रतिसरकारच्या नेत्याचेच नाव जिल्हा रुग्णालयाला आहे. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मानसोपचार विभागाच्या ओपीडीत दारूची तक्रार मोकळेपणाने सांगावी आणि जवळ स्वमदत गट कुठे भरतो, हे त्याच वेळी विचारावे.

साताऱ्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र आहे. दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून त्यांनी साताऱ्यात दवाखाना चालवला होता. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण काम करते आहे. प्रवेश घ्यायचा नसला तरी अशा केंद्रांत गटांची माहिती मिळते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची मदतवाहिनी, दोन्ही निःशुल्क आहेत.

एएच्या सभा शाळेची खोली, चर्चचा हॉल, समाजमंदिर अशा कोणत्याही साध्या जागी, बहुधा संध्याकाळी भरतात. जागा आणि वेळ बदलते, म्हणून जाण्यापूर्वी फोन करून खात्री करावी. खुल्या सभेला घरचे किंवा मित्रही येऊ शकतात. बंद सभा फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी असते. पहिल्या वेळी एकट्याने जायचा धीर होत नसेल, तर खुली सभा बरी.

पहिल्या दिवशी काय होते?

खुर्च्या मांडलेल्या असतात, चहा असतो. फक्त पहिले नाव सांगितले जाते. एकेक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. नव्या माणसाने बोललेच पाहिजे असे नाही. तास-दीड तासात सभा संपते. कायमची दारू सोडा असे कोणी म्हणत नाही. आजचा एक दिवस प्यायचे नाही, एवढेच ठरते. जुना सभासद आपला फोन नंबर देतो, आणि ज्या संध्याकाळी हात बाटलीकडे जाईल तेव्हा तो नंबर फिरवायचा असतो. एखादा गट पहिल्यांदा आवडला नाही तर दुसरा पाहावा. मत बनवण्यापूर्वी चार-सहा सभांना तरी बसावे.

लहान गावात मोठी भीती ओळखीची असते. कोणी पाहिले तर? पण त्या खोलीत जो भेटेल तो त्याच कारणासाठी आलेला असेल, आणि तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे, हा नियम आहे. दारूच्या दुकानात किंवा गटारीच्या रात्री रस्त्यावर पाहिलेल्या माणसाला ही लाज कोणी विचारत नाही, हेही आठवावे. गटात देवाचा उल्लेख येतो, तो खटकला तर घाबरू नये. आपल्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. कित्येक जण त्या जागी गटालाच मानतात. डॉक्टरांची औषधे चालू असतील तर ती गटाच्या नावाखाली बंद करू नयेत. दोन्ही एकत्र चालतात. बायकांनाही हे व्यसन जडते आणि गटाचे दार त्यांनाही तितकेच उघडे आहे.

घरच्यांसाठी वेगळे गट आहेत. अल-अनॉन हा व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांचा गट, तर मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी गट चालतो. नवऱ्याची बाटली लपवणे, त्याच्या वतीने साहेबाला खोटे सांगणे, उधारी फेडणे यात बाईचे सगळे बळ संपते आणि व्यसन मात्र सांभाळले जाते. हे तिला तिथे इतर बायकांच्या तोंडून ऐकायला मिळते. सखुबाईला भावाच्या दारापलीकडे आधार नव्हता. आज नवऱ्याने सभेला यायला नकार दिला, तरी घरातली बाई स्वतःसाठी जाऊ शकते.

बाबांनी वडिलांना वाचवले नाही; आठ वर्षांचे पोर वाचवू शकतही नव्हते. पुढे पन्नास वर्षे ते गावोगाव फिरून माणसे गोळा करत राहिले आणि त्यांना एकमेकांसमोर खरे बोलायला लावत राहिले. दारू संगतीने लागते, तशी सोडायलाही संगत लागते. झिंगराजीच्या गावात तशी बसायला जागा नव्हती. आपल्या जिल्ह्यात आहे. पहिला फोन घरातल्या कोणीही केला तरी चालतो.